ओढली की सुटणारी गाठ

मेट्रनबाईंनी शिवून घेतलेली गोधडी चुकीची निघून परत येऊन आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर घडी करून पडली होती. तिथून ती हलवायची हिंमत सुनेनं केली नव्हती. हलवली तर पुरावा दडवला असं नणंद म्हणाली असती, आणि न हलवावी तर मुद्दाम मांडून ठेवला असं. दोन्हीकडून बोलणीच खायची आहेत तर उचलाउचल तरी कशाला करा, एवढं शहाणपण बावीस वर्षांच्या संसारात तिला आलं होतं.

नणंदेला घरात सगळेच ताई म्हणत, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा असलेला दादासुद्धा. ताई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. सकाळच्या गाडीनं ती आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं गोधडी उलगडली. वर गर्द निळा, मग उतरत उतरत खाली पार पांढुरका निळा, असा रंग उतरत जायला हवा होता. पण वरच्या गर्द भागात फिक्या चौकोनांची एक ओळच्या ओळ घुसली होती, आणि खाली पांढुरक्यात दोन काळसर चौकोन शाई सांडल्यासारखे बसले होते.

"हे आईनं शिवलंय?" एवढंच ताईच्या तोंडून आलं, आणि ती मटकन त्याच खुर्चीत बसली.

"त्यांनीच," वहिनी म्हणाली. "म्हणजे, माझंच चुकलं असं त्या स्वतः म्हणतात."

ताईला धक्का बसणं साहजिक होतं. आईच्या हातून बाकी काहीही चुकेल, भाजी खारट होईल, नातेवाइकांची नावं उलटसुलट होतील, पण चौकोनांचा क्रम चुकणार नाही, या भरवशावर हे घर चाळीस वर्षं चाललं होतं. आधी सगळे चौकोन जमिनीवर मांडायचे. लांब उभं राहून डोळे बारीक करून बघायचे. मग एकेक ओळ डावीकडून उजवीकडे उचलत थप्पी करायची आणि थप्पीच्या वरच्या चौकोनाला ओळीच्या नंबराची चिठ्ठी टाचायची. त्या थप्प्यांना बोट लावलं म्हणून दादानं आणि ताईनं लहानपणी मार खाल्लेला होता. दादानं जास्त, कारण ताई बोट लावून त्याचं नाव सांगायची.

आई तेवढ्यात स्वयंपाकघरातून आली. लहान चणीची, चष्मा कपाळावर, गळ्यात मोजपट्टी. लेकीला पाहून हसली, आणि तिच्या मांडीवरची गोधडी पाहून हसू आवरतं घेतलं.

"आई, गेल्या महिन्यात गॅस रात्रभर चालू राहिला होता म्हणे?"

"माझ्याच हातून राहिला."

"आणि बाबांच्या गोळ्या दोनदा दिल्या गेल्या?"

"मीच दिल्या असतील."

"असतील म्हणजे? आठवत नाही तुला?"

आईनं मोजपट्टी गुंडाळायला घेतली. "चुकलं गं माझं. वय झालं."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की ताईला रडूच कोसळलं. आपल्या आईच्या तोंडी चूक कबूल करायची भाषा तिनं आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

*

परीक्षा घ्यायची कल्पना ताईची. मुख्याध्यापिका झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण दादानंही विरोध केला नाही. तो विजेची कामं करायचा, आणि एखादी गोष्ट बिघडली आहे की नाही हे तपासून बघावं, हे त्याला पटण्यासारखंच होतं.

ताईच्या मुलीसाठी आईनं नवी गोधडी शिवायला घेतली होती. नात नोकरीला बाहेर निघाली होती, तिच्याबरोबर द्यायला. नऊ ओळी, एका ओळीत सात चौकोन. गर्द हिरव्यापासून कोवळ्या पिवळ्यापर्यंत. चौकोन कापून, बेतून तयार होते, फक्त जोडायचे होते.

"आमच्यासमोर मांड," ताई म्हणाली. "थप्प्या कर. जेवण झालं की आमच्यासमोर तीन ओळी शीव. काही चुकलं नाही तर मी गुपचूप संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन."

"आणि चुकलं तर?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मशीन विकायची, आणि आईला ताईनं आपल्याकडे घेऊन जायचं.

आईनं शिवणाच्या खोलीत चादर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून चौकोन मांडायला लागली. ताई दाराशी उभी राहून बघत होती. हात कुठं अडखळतोय का, एवढंच तिला बघायचं होतं, आणि हात कुठंच अडखळत नव्हता. दोन हिरवे तिला सारखेच दिसले, तर आईनं त्यांतला एक उजेडाकडे धरला आणि दोन घरं पुढे ठेवला. पाचव्या ओळीत पोपटी फुलांचा एक चौकोन होता. तो आपल्या तिसरीतल्या फ्रॉकचा आहे हे ताईला ओळखू आलं.

बाबा मध्येच येऊन गेले. टपाल खात्यात अडतीस वर्षं पत्रांची छाटणी केलेला माणूस. उंच, ताठ, सदऱ्याच्या खिशात अजून पेन. कमरेवर हात ठेवून त्यांनी मांडणी न्याहाळली.

"छान," ते म्हणाले. "सगळं जागच्या जागी."

"बाबा, तुम्हाला तरी कळायला हवं होतं," ताई कुजबुजली. "आई अशी झालीय आणि तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात गेले. ताईला वाटलं, बिचारे मनातून खचलेत.

एक वाजता नऊ थप्प्या मशीनच्या टेबलावर रांगेत उभ्या होत्या. नऊ चिठ्ठ्या, नऊ टाचण्या. ताईनं स्वतः मोजल्या, प्रत्येक थप्पी चाळून पाहिली. एकही चूक नव्हती. तिला इतकं हायसं वाटलं की जेवायला बसताना तिनं वहिनीला आपण होऊन वाढायला मदत केली, आणि वहिनीला त्याचाच खरा धक्का बसला.

*

जेवण मात्र दादाला गेलं नाही. बाबा नेहमीप्रमाणे दहा मिनिटांत उठले. नोकरीतली सवय, डबा खाताना कोणी मागं लागल्यासारखं खायचं. ते शिवणाच्या खोलीतून व्हरांड्याकडे गेल्याचं दादानं पाहिलं. आईनंही पाहिलं, कारण ती लगेच उठायला लागली.

"कुठं निघालीस?" ताई म्हणाली.

"पाणी आणते."

"बस, मी आणते. आज तू जागची हलायचं नाहीस. नंतर कोणी म्हणायला नको की आईनं जाऊन काही बदललं."

आई बसली. पण तिचं लक्ष ताटात नव्हतं, दाराकडे होतं.

"आज सगळं बरोबर केलं म्हणून रोज होईल असं नाही," वहिनी हळूच म्हणाली. "ताई, खरं सांगू? तुम्ही यांना थोडे दिवस घेऊन जा. मला रात्री झोप लागत नाही. तीनतीनदा उठून गॅस बघते."

दादानं चमकून बायकोकडे पाहिलं. सकाळपर्यंत ही आईच्या बाजूनं होती. ताईच्या बाजूला गेली कधी, आणि कुठल्या रस्त्यानं?

"आणि बाबा?" तो म्हणाला. "त्यांना इथं एकटं ठेवायचं?"

"एकटे कसे? तुम्ही दोघं आहात की," ताई म्हणाली. "आणि बाबांना काय झालंय? ठणठणीत आहेत."

"दोघांना वेगळं करायचं? या वयात?"

"मग तूच सांग दादा, दुसरं काय करायचं? आजोबांचं केलं तसं करायचं?"

आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, शेवटची चार वर्षं माडीवरच्या खोलीत होते. भान सुटलं होतं, घरातून निघून जायचे, म्हणून दाराला बाहेरून कडी. नऊ वर्षांचा दादा जेवणाचं ताट घेऊन वर जायचा, कडी काढायचा, ताट ठेवायचा आणि परत कडी लावायचा. कडी लावताना आजोबा आतून प्रत्येक वेळी एकच विचारायचे, "माझं काय चुकलं रे?" दादानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"मला कुठंही न्या," आई एकदम म्हणाली. "पण यांना बरोबर येऊ द्या. एवढंच मागते. मशीन विका हवं तर."

मशीन विका, हे आई म्हणाली! दादाच्या हातातला घास हातातच राहिला.

*

जेवणं आटोपून चौघंही शिवणाच्या खोलीत आली. सगळ्यात पुढे ताई होती. ती दारातच थबकली, आणि मागची वहिनी तिच्यावर आदळली.

थप्प्या जागेवर नव्हत्या. नवाच्या जागी पाच झाल्या होत्या, जाडजूड, आणि टेबलावर नाही तर खिडकीत ओळीनं लावलेल्या. गर्द हिरव्यात पिवळे, पिवळ्यात पोपटी. चिठ्ठ्या काढून एकीकडे नीट रचून ठेवलेल्या, टाचण्या डबीत.

"आई!" ताईचा आवाज चिरकला. "अगं, कधी केलंस हे?"

"त्या तर आपल्यासमोर बसल्या होत्या," वहिनी म्हणाली.

"जेवायच्या आधी हात धुवायला गेली होतीस ना? तेव्हाच?"

"हो," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तेव्हाच केलं. माझंच चुकलं."

दादा खिडकीशी गेला नाही. वहिनी गेली. तिनं एक गठ्ठा उचलला, उलटा केला, आणि तशीच उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली. "हे बांधलेलं आहे."

"काय?"

"सुतळीनं बांधलंय. आई कधी बांधत नाहीत. टाचतात." तिनं गाठ उजेडात धरली. दोन फेरे, खालून एक आडवा, आणि टोक आत असं खुपसलेलं की एका बाजूनं ओढलं की अख्खी सुटावी. तिनं ओढलं. सुटली. घरातले कागद, जुनी वर्तमानपत्रं, तिच्या माहेरून आलेली पत्रंसुद्धा बावीस वर्षं अशाच गाठीत बांधलेली तिनं पाहिली होती. ही गाठ या घरात एकाच माणसाला येत होती.

"मीच बांधलं," आई म्हणाली.

"मग आई, एकदा बांधून दाखवा."

"वहिनी, काय चाललंय तुझं?" ताई कडाडली.

"दाखवा ना, आई."

वहिनीनं सुतळी पुढे केली. चाळीस वर्षं ज्या हातांनी डोळे मिटून सुई ओवली, त्या हातांत आता सुतळी आली. आईनं एक फेरा घेतला, दुसरा घेतला, टोक कुठं घालायचं तेच तिला कळेना. शेवटी तिनं लहान पोरींच्या वेणीला बांधतात तसं फूल बांधलं आणि सुतळी खाली टाकली.

तेवढ्यात व्हरांड्याचं दार उघडलं. बाबा आत आले. काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र, पेन कानावर. त्यांनी खिडकीतले गठ्ठे बोटानं मोजले आणि दादाकडे वळले.

"साहेब, पोस्टमनच्या चार बीटचं टपाल बांधून तयार आहे. पाचव्या बीटचं टपाल या बाईंनी सोडलं," त्यांनी वहिनीकडे बोट केलं, "ते परत बांधावं लागेल. सायकली आल्या का?"

ताईनं भिंतीला हात टेकला. बाबा चेष्टा करत असतील, असं क्षणभर तिच्या मनात आलं. बाबांनी आयुष्यात कधी चेष्टा केली नव्हती, हे पुढच्याच क्षणी आठवलं.

"आल्या," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "आल्या सायकली. तुम्ही बसा. पाणी घ्या."

बाबा बसले. पाणी प्यायले.

"किती दिवस?" दादानं विचारलं.

"दीड वर्ष." आई स्टुलावर टेकली. "आधी चाव्या सापडायच्या नाहीत. मग गॅस. मग चौकोन. दिसले की गठ्ठे करायचे. मला वाटायचं, करू देत, मागाहून मी लावून घेईन. मेट्रनबाईंच्या वेळी थप्पीतले बदललेले मला कळले नाहीत. मशीनवर मी चिठ्ठीच बघते, रंग नाही. पसरून बघायच्या आधी त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला."

"आणि सगळं स्वतःवर घेतलंस? आई, मी तुला वेड लागलं म्हणून..." ताई म्हणाली.

"घेतलं. मग काय करू? पहिल्यांदा झालं ना, तेव्हा भानावर आल्यावर रडले गं हे. मला म्हणाले, मुलांना कळू देऊ नकोस. मला वर ठेवतील."

वर म्हणजे कुठं, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

ताईला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडाला लावला. सकाळी ती याच माणसाला म्हणाली होती, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. आणि याच माणसापासून आईला तोडून न्यायला ती निघाली होती. आई गेली असती आणि महिन्याभरात सगळं उघड झालं असतं, आणि झाकायला कोणी उरलं नसतं.

बाबांनी रिकामा पेला खाली ठेवला. खिडकीकडे पाहिलं. मग सुटलेल्या सुतळीकडे, मग आईच्या चेहऱ्याकडे. त्यांचे ताठ खांदे हळूहळू खाली आले.

"अगं," ते म्हणाले, "हे मी केलं का?"

आईनं सुतळी उचलून गुंडाळायला घेतली.

"पोरीच्या गोधडीचे होते ना? मुलांना... यांना सगळ्यांना कळलं?"

"कळलं," आई म्हणाली.

बाबांनी दादाकडे पाहिलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत इतकी भीती दादानं यापूर्वी एकदाच पाहिली होती, दाराच्या फटीतून.

"वरची खोली झाडलेली आहे का रे?" बाबांनी विचारलं.

दादा बाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. मग वरून लाकडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, बराच वेळ. गंजलेले स्क्रू सहजासहजी निघत नव्हते. खाली चौघं ऐकत बसली होती, आणि काय चाललंय हे कोणालाच नीट उमजत नव्हतं. वहिनीला तर वाटलं, हा खरंच खोली तयार करतोय की काय, आणि तिचा जीव घाबरा झाला. खोली तयार केली तर आपण या माणसाशी पुन्हा बोलणार नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

दादा खाली आला. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. दुसऱ्या हातातली जुनी काळी कडी, कोयंडा आणि सहा स्क्रू त्यानं बाबांच्या समोर मशीनवर ठेवले.

"झाडलेली नाही," तो म्हणाला. "आणि आता दार लागतही नाही."

बाबांनी कडी उचलली, तळहातावर तोलून पाहिली आणि कानावरच्या पेनाबरोबर सदऱ्याच्या खिशात ठेवून दिली.

*

संध्याकाळची गाडी निघून गेली. ताईनं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आणि वहिनीनं चादरीवर सगळे चौकोन पुन्हा मांडले होते, आई वरून सांगत होती. पोपटी फ्रॉक पाचव्या ओळीत परत आला होता.

"आता थप्प्या करून ठेवायच्या नाहीत," आई म्हणाली. "मेट्रनबाईंच्या गोधडीपासून मी शहाणी झालेय." तिनं पहिल्या ओळीचे पहिले दोन चौकोन जोडून सुईखाली घातले, शिवले, आणि धागा न कापता लगेच दुसऱ्या ओळीचे पहिले दोन घातले. मग तिसऱ्या ओळीचे. वहिनीनं सवयीनं कात्री उचलली.

"कापू नकोस. मधला धागा तसाच राहू दे. सगळ्या ओळी एकमेकींना लटकून राहतात. मग कोणी कितीही हात लावला तरी कोणी कुठं जात नाही."

बाबांना तिनं शेजारी बसवलं होतं. काम असं की, ताईनं चादरीवरून चौकोन उचलून बाबांकडे द्यायचा आणि बाबांनी आईकडे. बाबा प्रत्येक चौकोनाची उलटसुलट बाजू पाहत, कोपरा सरळ करत आणि पुढे करत. त्यांचा हात सुरेख चालत होता. घाई नाही, चूक नाही. नवव्या ओळीपर्यंत मशीनच्या मागं चौकोनांची माळ जमिनीला टेकली, आणि आई पुन्हा पहिल्या ओळीपासून तिसरा चौकोन जोडायला लागली.

पाचव्या ओळीत पोपटी चौकोन आला. ताईनं तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला, आणि तिच्याकडे निरखून पाहत राहिले. मशीन थांबली. वहिनी श्वास रोखून उभी राहिली.

"नीट काम करता तुम्ही," बाबा तिला म्हणाले. आवाज मोठा प्रेमळ होता. "तुम्हाला आधी पाहिलं नाही इथं. नवीन आलात का?"

ताईनं आईकडे पाहिलं. आई सुईकडे बघत होती.

"हो, साहेब," ताई म्हणाली. "आजच रुजू झाले."